कोपऱ्यातला रंग

रंगाच्या कारखान्यात तिला सगळे पोपडाबाई म्हणत. सुकलेल्या रंगाला भेगा का पडतात, पोपडे का निघतात, हे पाहणं तिचं काम होतं. ते अंगात इतकं मुरलं होतं की कुणाच्या घरी गेली तरी माणसांआधी ती भिंतींचीच विचारपूस करायची. हे नाव ठेवलं होतं तिच्या सख्ख्या भावानं. दादा खाली मिश्रणाच्या शेडमध्ये कामाला होता. त्याच्या पगारावर ती रसायनशास्त्र शिकली आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत आली. जेवणाच्या सुट्टीत तो जिन्याखालून हाक मारायचा, "पोपडाबाई, चला, भाजी सुकतेय."

दादाचा खोकला आधी कुणी मनावर घेतला नाही. मग जिना चढताना त्याला मध्येच थांबावं लागू लागलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून विचारलं की तुम्ही काम कसलं करता. दादानं सांगितलं, पिंपातून द्रावक ओततो.

ते द्रावक रंगात का घालतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे गोळे. भिंतीवर रंग लावला की पाणी उडून जातं, आणि जाता जाता गोळ्यांना एकमेकांकडे ओढतं. थर आक्रसायला बघतो, पण भिंतीला चिकटलेला असल्यानं त्याला ते जमत नाही. गोळे मऊ असले तर ते दबून एकमेकांत मिसळतात, अखंड थर होतो. कडक असले तर ताण सोसत नाही, थर फाटतो. पण नुसत्या मऊ गोळ्यांचा रंग कायम चिकट राहतो, धूळ धरतो. म्हणून गोळे कडक घ्यायचे आणि सुकेपर्यंत नरम राहावेत म्हणून द्रावक घालायचं. काम झालं की तेही उडून जातं. भिंतीवरचं उडतं खिडकीबाहेर, शेडमधलं दादाच्या छातीत.

द्रावकाशिवाय न फाटणारा रंग करायचा, असं तिनं ठरवलं. साहेबांनी परवानगी दिली, फक्त नेहमीचं काम सांभाळून कर म्हणाले. काचेवर थेंब ठेवून ती ते सुकताना सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायची. थेंबाची कड आधी सुकायची, मधलं पाणी गोळ्यांना घेऊन कडेकडे धावायचं, तिथे गर्दी व्हायची आणि भेग पडायची. पुन्हा नवा थेंब, पुन्हा भेग. असं दोन वर्षं चाललं. शेवटी मोठे कडक गोळे आणि त्यांच्या फटींत बसणारे बारीक मऊ गोळे, असं मिश्रण जमलं. काचेवरचा थर आरशासारखा अखंड सुकला. ती काच तशीच हातात घेऊन खाली धावली. दादानं ती उजेडात फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आता नाव बदलावं लागणार तुझं."

साहेबांनी उपाहारगृहाची एक भिंत दिली. ती रंगवायचा हट्ट दादानं धरला. तोवर त्याला हलकं काम दिलेलं होतं. थांबत, टेकत त्यानं ती भिंत रंगवली, आणि बहिणीचा रंग म्हणून हात जरा भरूनच मारला. दुसऱ्या दिवशी भिंतीचा मधला भाग सुंदर दिसत होता. कोपऱ्यांत मात्र, जिथे रंग साचून जाड झाला होता, तिथे कोरड्या तळ्याच्या तळासारख्या भेगाच भेगा पडल्या होत्या.

थर ठरावीक जाडीपलीकडे गेला तर फाटेल, हे तिला माहीत होतं. ती मर्यादा इतकी कमी निघेल, असं वाटलं नव्हतं. साहेब भिंतीसमोर उभे राहिले, आवाज न चढवता म्हणाले, "घरोघरी माणसं अशीच रंगवतात, बाई. आपण कुणाकुणाचा हात धरणार?" खरंच होतं ते. प्रयोग बंद झाला आणि भिंतीवर जुना रंग चढला.

घरी दादा म्हणाला, "कोपऱ्यात मीच जाड मारला. नाहीतर जमलं होतं तुझं."

"तुझं काही चुकलं नाही, दादा. रंगच कच्चा होता."

तो मान हलवत राहिला. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. तिनं वहिनींनाही सांगून पाहिलं, की त्याची समजूत तुम्ही तरी घाला. वहिनी म्हणाल्या, त्याला श्वास पुरत नाही, समजूत कुठे पुरणार. हिवाळ्यात तो गेला. उशांना टेकून, बसल्या बसल्या.

ती अजून त्याच प्रयोगशाळेत आहे. जुन्या रंगाची प्रत्येक खेप तपासते, भेग दिसत नाही, सही करते. पोपडाबाई आता कुणी म्हणत नाही. म्हणणारा गेल्यावर बाकीच्यांनाही ते अवघड वाटू लागलं. शेडमध्ये पंखा बसवा म्हणून ती मागे लागली. पंखा आला. पाहुणे यायचे असले की तो चालू असतो.

दादाच्या जागी आलेला माणूस दोन मुलींचा बाप आहे. परवा नमुना घ्यायला ती खाली गेली, तेव्हा त्यानं ओतता ओतता विचारलं, "बाई, या वासानं काही होत नाही ना?"

"होतं," ती म्हणाली.

त्यानं पिंप खाली टेकवलं. "मग दुसरीकडे कुठे काम आहे का?"

तिनं नमुन्याच्या बाटलीचं झाकण लावलं. त्यानं तोंडावरचा रुमाल घट्ट केला आणि पुढचं पिंप कलतं केलं.