दोन्ही ट्यूब दाताच्याच!

माझ्या सासऱ्यांच्या मोटारसायकलला दात होते आणि सासऱ्यांना नव्हते.

म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. नवी कवळी होती, पण ती हिरड्यांवर टिकत नव्हती. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, 'फ' म्हटला की कवळी फटकन पुढं यायची! म्हणून मामाजींनी 'फ'च सोडून दिला. फोनला ते 'मोबाइल' म्हणायचे आणि फुलकोबीला 'थे पांढरी भाजी'.

गाडी मात्र ठणठणीत. फार जुनी विलायती गाडी, जिला चेनच नाही! इंजिनातून एक लोखंडी दांडा निघतो आणि मागचं चाक फिरवतो. आसेगावातून ती निघाली की कुणी ना कुणी ओरडतंच, "ओ भाऊ, चेन पडली तुमची!" आणि मामाजी गाडी थांबवून त्या माणसाला सगळं समजावून सांगत बसतात.

दांडा चाकात जिथं अडकतो तिथं गोलाकार खाचा असतात. त्यांना मामाजी 'दात' म्हणतात. वर्षातून एकदा चाक काढायचं, दात रॉकेलनं धुवायचे आणि त्यांना खास काळं ग्रीस लावायचं. नाही लावलं तर कोरडे दात एकमेकांना खाऊन टाकतात. हे काम मामाजी स्वतः करायचे, पण यंदा त्यांचे गुडघे वाकेनात.

"मी करतो ना मामाजी! मी सातवीला घर्षण शिकवतो!" मी म्हणालो. (हे वाक्य मला सासुरवाडीत अजून ऐकवतात.)

काम करायचं होतं ते विकासच्या साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी. विकास माझा साळा. पोरगा गुणी, पण शेती करणारा, आणि शेतकरी पोराला मुलगी बघता बघता आमच्या चपला झिजल्या होत्या. शेवटी अनसिंगची प्राची पसंत पडली. तिनं पहिल्याच भेटीत गाडी पाहून विचारलं, "हिची चेन कुठी हाय?" विकासनं अर्धा तास दांडा समजावला आणि तिनं तो शेवटपर्यंत ऐकला! अशी मुलगी हातची घालवायची नाही, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं. अडचण एकच, तिचे आजोबा. आबाजी दर भेटीत डोळे बारीक करून विचारायचे, "तुमच्या घरात कोनता रोगबिग नाई ना?"

मी वाशिमहून दोन ट्यूब आणल्या. एक गाडीच्या दातांसाठी ग्रीसची, दुसरी मामाजींची कवळी चिकटवायच्या क्रीमची. साक्षगंधात मामाजींना दोन शब्द बोलायचे होते, आणि 'फ' टाळून भाषण करणं अवघड असतं.

आता शहाण्या माणसानं चाकाचं काम आठवडाभर आधी केलं असतं. मी साक्षगंधाच्या दिवशी सकाळी अंगणात गाडीखाली आडवा झालो! हात रॉकेलनं बरबटलेले, नाकावर माती. आतून बायकोनं विचारलं, "काहो, पिशवीत दोन ट्यूबा हायेत. कोनती देऊ?"

"अगं, दाताची दे!" मी ओरडलो. "दुसरी मामाजींना नेऊन दे!"

तिनं दाताची दिली. तिची काहीही चूक नाही. जगातल्या कुठल्याही बाईनं तीच दिली असती!

मी न बघताच ट्यूब पिळली. मलम गुलाबी निघालं. मला वाटलं, ग्रीसमध्ये नवा प्रकार आला असेल. त्याला पुदिन्याचा वास येत होता. मला वाटलं, विलायती गाडी म्हटल्यावर ग्रीसही सुगंधीच असणार! मी अख्खी ट्यूब दातांवर चोपडली, चाक बसवलं आणि ऐटीत चहा मागितला.

तिकडं मामाजींनी दाढी करताना, चष्मा काढलेला असताना, दुसरी ट्यूब चाचपून कवळीला लावली.

"जरा कडू लागून राह्यलं वो," ते म्हणाले.

"औषध हाय बाबा, कडूच राहीन," बायकोनं समजूत घातली.

मंडळी जीपमध्ये बसून पुढं गेली. मागून गाडीवर विकास आणि त्याच्या मागं मी. प्राचीची अट होती, नवरदेवानं याच गाडीवर यायचं. अनसिंग जवळ आलं, आणि मागचं चाक फुस्स झालं! ढकलत ढकलत पंक्चरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एक्सल काढला. आता चाक नुसतं बाजूला सरकायला हवं होतं. सरकलं नाही. दुकानदारानं ओढलं, विकासनं नवा कुडता घालून ओढलं, शेजारच्या पानवाल्यानं पाय लावून ओढलं. चाक जागचं हलेना!

"काय डिंक लावला काय बाप्पा?" दुकानदार म्हणाला.

"ग्रीस लावलंय," मी तोऱ्यात म्हणालो.

त्यानं आत बोट घातलं, हुंगलं आणि माझ्याकडं बघतच राहिला. "भाऊ, माया आजीच्या कवळीले असाच वास येते."

हे जर इथं असेल, तर मामाजींच्या तोंडात काय आहे?

"विकास, पळ!"

"काहून?"

"तुझ्या बापाच्या तोंडात ग्रीस आहे!"

बिचारा काही न विचारता धावत सुटला. आम्ही दोघं धापा टाकत मांडवात शिरलो तर मामाजी माईक हातात घेऊन उभे! मी दोन्ही हात हलवून 'बोलू नका' अशी खूण केली. त्यांना वाटलं, माझंही कौतुक करा म्हणून मी हात वर केलेत.

"हे आमचे जवाई," ते लोकांना सांगू लागले. "लय हुशार मानूस! गाडीचं सारं यायनंच केलं. अन मी म्हनतो, ह्या दोन घरांचं नातं फ..."

'फार घट्ट' म्हणायचं होतं त्यांना. पण 'फार'मधला 'फ' महिन्याभरानं तोंडातून निघाला, आणि त्याच्यासोबत कवळीही निघाली! ग्रीस उत्तम प्रतीचं होतं, त्यात वाद नाही. कवळी सुळकन सुटली आणि आबाजींसमोरच्या पेढ्यांच्या ताटात जाऊन बसली. काळी कुळकुळीत! मामाजींच्या हनुवटीवरून काळा ओघळ. एक बाई "अगं माय वं!" म्हणून किंचाळली. वाजंत्रीवाल्याची पिपाणी तोंडातच राहिली.

आबाजी काठी टेकत उठले. चेहरा पांढराफटक.

"हा कोनता रोग म्हनाव? दात काळे होऊन गळून राह्यले! पोराले बी हाय काय?"

विकासच्या डोळ्यांत पाणी आलं. मोडलं लग्न! माझ्या एका ट्यूबनं पोराचा संसार मांडण्याआधीच उधळला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मांडवाच्या मधोमध जाऊन ओरडलो, "रोग नाही हो आबाजी! ग्रीस आहे! गाडीचं!"

"गाडीचं ग्रीस तोंडात कायले?"

"कारण तोंडाचं गाडीत आहे!"

मग मी सगळं सांगितलं, घर्षणासकट. पाटावर बसलेली प्राची खाली मान घालून थरथरत होती. रडतेय असं वाटून तिची आई पुढं झाली, तर पोरगी हसून हसून लोटपोट!

"आबाजी," ती डोळे पुसत म्हणाली, "रोग नाई, जवाई हाय! थो तं घरोघरी राह्यते!"

आबाजींची काठी हलायला लागली. मग मिशा हलल्या. मग सगळा मांडवच हसला. मामाजींनी बोळक्या तोंडानं "फार घट्ट! फार घट्ट!" असं दोनदा म्हणून घेतलं, आता 'फ'ची भीतीच उरली नव्हती. पेढे मात्र दुसरे मागवावे लागले.

गाडी टेम्पोत घालून आसेगावला आणली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चाकावर उकळतं पाणी ओतलं, तेव्हा कुठं ते सुटलं. मी आपला बाजेवर बसून पोहे खात बघत होतो. शाळेला सुट्टी होती, म्हणून आणखी आठवडाभर राहायचा बेत होता.

मामाजींनी सुटलेल्या चाकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कवळी हातात धरून सासूबाईंना विचारलं, "चाक तं गरम पान्यानं निंगलं. जवाई कायनं निंगते वं?"