संक्रांतीआधीचा वाटाणा

वाटाणेमामा पेरणीआधी जमिनीला गाल लावून बघायचे. साठी ओलांडलेला माणूस टोपी काढून मातीवर आडवा झालेला दिसला की कन्नडच्या रस्त्यानं जाणारी जीप थांबायची, कुणाला चक्कर आली की काय म्हणून. मामा उठून गाल पुसत म्हणायचे, "भुई अजून ऊन हाय. वटाण्याला नाय चालायची."

माझ्या आईचे ते धाकटे भाऊ. मका, कापूस सगळं लावायचे, पण जीव हिवाळी वाटाण्यावर. दिवाळी झाली की पेरायचा, संक्रांतीला शेंगा. घाई करणाऱ्यांवर ते चिडायचे. "थंडी खाल्ल्याबिगर दाणा गोड व्हत नाय. माणसालाच दम नाय."

त्यांची एकुलती लेक आशू. तिच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डायलिसिससाठी ती संभाजीनगरात माझ्याकडे राहायला आली. मामा आठवड्यातून दोनदा एसटीनं यायचे, दवाखान्यात तिच्या पायांशी बसायचे आणि बोलायचे ते फक्त शेतातलं. गणपतीच्या दिवसांत तिनं बापाला विचारलं, "दादा, औंदा वटाणा कवा?"

"कवा म्हंजे? संक्रांतीला."

"मग मला नाय मिळायचा," ती हसून म्हणाली.

मामा हसले नाहीत. पिशवी उचलून बाहेर गेले.

त्याच आठवड्यात त्यांनी उभ्या मक्याच्या ओळींमध्ये वाटाणा टोचला, सावली मिळावी म्हणून. पावसानं बी कुजलं. पुन्हा टोचलं. मका काढल्यावर कोवळे वेल उन्हानं माना टाकायला लागले, तेव्हा मामींची जुनी लुगडी बांधून आडोसा केला. गावातल्या कुणीतरी विचारलं, "येड लागलं का हो?" मामा म्हणाले, "व्हय." आणि पाणी द्यायला वळले.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मामा रुमालात शेंगा बांधून घेऊन आले. डॉक्टरांनी चार-पाच दाण्यांपुरती परवानगी दिली. आशू एकेक दाणा सावकाश चावत होती. मामा खिडकीबाहेर बघत होते.

"गोड हाय का?" त्यांनी न वळताच विचारलं.

"नाय दादा. तुमचा हाय, पण गोड नाय."

"थंडी नाय ना लागली त्याला," मामा म्हणाले. इतक्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं.

डिसेंबरात आशू गेली. कडाक्याची थंडी पडली ती त्यानंतर.

तेराव्यानंतर मी शेतात गेले. वेल शेंगांनी लगडले होते, तोडणी झालीच नव्हती. खालच्या शेंगा पिवळ्या पडत होत्या. "पुढच्या पेरणीला बी धरायचंय का?" मी विचारलं. बांधावर बसलेल्या मामांनी मान हलवली, नाही. मग म्हणाले, "गोड हाय म्हनली असती तरी चाललं असतं गं. पण लेकीनं खरं सांगितलं. बापाची समजूत नाय काढली, शेतकऱ्याला सांगावं तसं सांगितलं. लई बरं वाटलं, बाई. अन् लई वाईट बी वाटलं."

पुढच्या वर्षी वाटाणा दिवाळीनंतरच पेरला गेला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मामी शेंगांची भरलेली पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. एकट्याच.

"मामा नाही आले?"

मामींनी पिशवी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

"स्टँडपोत्तर आले व्हते," त्या म्हणाल्या. "गाडी फलाटाला लागली. मला चढवलं, पिशवी वर दिली. सोताचा एक पाय पायरीवर ठिवला अन् उतरून मागं फिरले."