राजाचं हरण

श्रावणात कासार आंबोलीच्या देवळात दुपारी बायका पोथी लावतात. जिची पाळी, तिनं वाचायचं आणि अध्याय संपला की अर्थही तिनंच सांगायचा. त्या दिवशी पाळी आईची होती आणि आईचा घसा पार बसला होता. "तू जा," असं तिनं खुणेनंच सांगितलं.

मी इंग्रजी माध्यमातली. घरी मराठीच बोलतो, पण वाचताना जोडाक्षर आलं की माझी गाडी घसरते. त्यात आम्ही मूळचे लातूरकडचे. इथल्या बायकांशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे मी कधी बोलले नव्हते, त्यामुळे मी शांत आणि हुशार आहे असा त्यांचा समज होता. तो टिकावा, एवढंच मला हवं होतं.

अध्याय एका प्राचीन राजाचा होता. युद्ध जिंकून तो परत येतो. वेशीवर एक वृद्ध मुनी उभा असतो. राजाच्या आतून कुणीतरी हळूच म्हणतं, रथातून खाली उतर. तो उतरत नाही. मग पुष्कळ काही घडतं आणि अखेर राजाचं गर्वहरण होतं.

मी पोथी मिटली. "तर, गर्व केल्यामुळे शेवटी राजाचं हरण झालं."

पुढे बसलेल्या मावशींचा सगळ्यांवर वचक. त्यांनी विचारलं, "हरीण झालं? राजाचं?"

"हो. शापानं."

"आगं बया! शिंगंबिंगं आली?"

"आली."

"आन् राणी?" खांबाला टेकलेल्या काकूंना काळजी वाटली. "तिनं वळखलं का न्हाई त्येला?"

"आधी नाही ओळखलं," मी म्हणाले. मग मावशींना हसू आवरेना.

"आगं, हरण म्हंजे काढून घेनं! त्येचा गर्व गेला, एवढंच. तू तर मानसाला पार रानात चरायला सोडलंस!"

सगळं देऊळ हसत होतं. माझे कान तापले. 'आमच्या लातूरकडे ही गोष्ट अशीच सांगतात,' हे वाक्य जिभेवर तयार होतं. कोण जाणार होतं विचारायला? पण मांडीवर पोथी होती आणि मला तो रथ दिसत होता. उंच, ऐसपैस, उतरावंसं वाटणारच नाही असा.

"मावशी, मला शब्दच कळला नव्हता," मी म्हणाले. "शिंगं मीच लावली."

आता खांबाजवळच्या काकू डोळे पुसायला लागल्या आणि त्यांना बघून मलाही हसू फुटलं. इतक्या जणींसमोर मी मोठ्यानं हसते, हे मलाच नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईच्या मागे मागे गेले. मावशी सतरंजीवर सरकल्या.

"ये गं हरणे, बस हितं. आज कोनाला शिंगं फुटत्यात, बघू."

आईचा घसा सुटला होता. तरी तिनं पोथी माझ्याकडेच सरकवली.