गन डायोडची सरळ रेघ

मायक्रोवेव्हच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी मी पोरांकडून एक वाक्य घोकून घ्यायचो: लाईट गेली की आधी हात नॉबवर. नॉब शून्यावर आणायचा, मग बाकीचं. लाईट परत येताना झटका देऊन येते, आणि बेंचवरचा गन डायोड तेवढ्यानंही मरतो. नांदेडात लाईट जाण्याचं कुणाला अप्रूप नाही, त्यामुळं हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की पोरं नक्कल करायची ती त्याचीच.

डायोड दिसायला ज्वारीच्या दाण्याएवढा. पितळी खोबणीत बसवलेला. त्याला व्होल्टेज वाढवत नेलं की करंट वाढत जातो. पण एका मर्यादेनंतर व्होल्टेज वाढवलं तरी करंट उलट उतरायला लागतो. त्या उतारावर तो आपोआप थरथरतो आणि त्यातून मायक्रोवेव्ह लहरी निघतात. ग्राफमधल्या या उताराला आम्ही डिप म्हणतो. वर्गात मी सांगायचो, ‘‘हा सासुरवाडीला गेलेला जावई आहे. सुरुवातीला आग्रह केला की जास्त जेवतो. पुढं जितका आग्रह कराल तितकं ताट मागं सारतो.’’ पोरं हसायची. डिप त्यांच्या कायमचा ध्यानात राहायचा.

तो डायोड माझ्याच हातून मेला. कॉलेजची तपासणी तोंडावर होती. दुपारी मी एकटाच बेंच लावून बघत होतो. लाईट गेली. खालून कुणीतरी चहाला हाक मारली आणि मी तसाच उतरलो. नॉब होता तिथंच राहिला. परत आलो तर पंखा फिरत होता. पुन्हा रीडिंग घेऊन बघितलं; करंट आपला चढतोय, चढतोय, उतरायचं नाव नाही. लहरी मोजणारा काटाही जागचा हलेना.

विभागप्रमुखांनी सकाळीच बजावलं होतं, ‘‘यंदा एकबी वस्तू नादुरुस्त दाखवायची न्हाई. आपली सगळ्यांची इज्जत हाय.’’ माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर पडलेला. मी बेंचवर कापड टाकलं आणि घरी गेलो. घरीही बोललो नाही.

पुढं मी जुन्या बॅचची रीडिंग फळ्यावर लिहून द्यायला लागलो. पोरांची सोयच झाली. मीटर चालू, दिवे चालू, बघणाऱ्याला वाटावं प्रयोग चाललाय. सगळे फळ्यावरून डिप उतरवून घ्यायचे आणि लवकर मोकळे व्हायचे.

बिलोलीची एक मुलगी होती, तिनं तेवढं ऐकलं नाही. वडील शिलाईकाम करायचे. घराण्यात इंजिनिअरिंगला आलेली ती पहिलीच. ती माझ्याकडं ग्राफ घेऊन आली. ‘‘सर, माझी रेघ सरळच येऊन राहिली.’’

‘‘राहू दे. फळ्यावरचं घे.’’

‘‘मग मीटर कशाला लावायचा, सर?’’

वर्ग हसला. मीही हसलो.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला प्रयोग चिठ्ठीवर मिळतात. तिला गन डायोड आला. तोवर पुण्यातल्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. निकाल लागला की रुजू व्हायचं. वडील पोरीला सोडायला आले होते आणि व्हरांड्यातल्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, ‘‘सर, भाऊलोक म्हणून राहिले, पोरीला पुण्याला कायको भेजते. मी म्हणालो, आधी पास तर होऊ द्या.’’

लातूरहून आलेल्या परीक्षकांना घरी जायची घाई होती. त्यांनी तिचा ग्राफ उचलला. ‘‘हे काय? गन डायोडचा ग्राफ असा असतो?’’

‘‘सर, मीटरवर हेच येतंय.’’

‘‘सकाळच्या बॅचला डिप आला. तुलाच बरा येत नाही?’’

तिनं माझ्याकडं बघितलं. ‘‘सर, तुम्ही एकदा बघा ना.’’

बेंच दोन पावलांवर होता. मी जागचा हललो नाही. म्हणालो, ‘‘कनेक्शन चुकलं असेल तुझं.’’

एवढंच. याच्यापुढं मला काही करावं लागलं नाही. तोंडी परीक्षेत ती गोंधळली, येत होतं तेही सांगेना. परीक्षकांनी नापास केलं, मी शेजारी सही केली. व्हरांड्यात वडिलांनी विचारलं, ‘‘बच्चीचं झालं ना नीट?’’ मी निकालानंतर कळेल म्हणालो आणि जिना उतरलो.

कंपनी थांबली नाही. सहा महिन्यांनी ती पुन्हा परीक्षेला आली. डायोड तोच, मेलेला. यावेळी तिनं मीटरकडं बघितलंही नाही. पाठ केलेली रीडिंग लिहिली आणि डिप काढला, अगदी पुस्तकातल्यासारखा. पास झाली. मी त्याच वर्षी कायम झालो. पुढं ते जुनं सामान बाद करून आम्ही संगणकावरचा प्रयोग आणला. त्यात डिप न चुकता येतो.

परवा लातूरला जाताना बस अहमदपूरला थांबली. खाली उतरलो तर समोर ती.

‘‘सर, ओळखलं का?’’

इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते म्हणाली. वडील गेले. मी घरच्यांची चौकशी केली, ऊन फार आहे म्हणालो. मग, का कुणास ठाऊक, सांगून टाकलं. डायोड आधीच जळला होता. मीच जाळला होता. तुझी रेघ बरोबर होती.

ती बराच वेळ माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडं बघत राहिली. ‘‘म्हणजे माझं कनेक्शन चुकलं नव्हतं?’’

‘‘न्हाई.’’

‘‘मी घरी बसून तेच आठवत राहायची, सर. कोणती वायर कुठं लावली होती. अब्बा म्हणायचे, चूक झाली असेल बेटा, सर कशाला खोटं बोलतील.’’

मला काही सुचेना. तिनंच पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘आता मीपण पोरांना रीडिंग फळ्यावर लिहून देते. एखादा विचारतो, मॅडम, आमचं वेगळं येऊन राहिलं. त्याला म्हणते, तुझंच चुकलं असेल.’’

तिची बस लागली होती. ‘‘येते सर,’’ म्हणाली, पूर्वी लॅबमधून निघताना म्हणायची तशीच. मी माफी मागितली. पण बस सुरू होती, माझा आवाज आधीच बारीक. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. पुन्हा मोठ्यानं म्हणता आलं असतं. आजूबाजूला माणसं उभी होती.