अध्यक्षबाईंनी काढलेली एनसी

डिप्लोमा झाल्यावर मी कोलशेतच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात लागले. मला डिझाइनमध्ये जायचं होतं. जागा क्वालिटीत होती, म्हणून क्वालिटीत बसले. आलेला माल मोजायचा, मापात बसला तर घ्यायचा, नाही तर परत. वर्षभरात मला ते काम आवडायला लागलं. खरं सांगायचं तर चूक सापडली की जास्तच आवडायचं. चूक सापडली की आम्ही एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, काढतो. काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करणार, असे रकाने असलेला तो एक कागद. माझ्या एनसीला लोक वचकून असायचे आणि मला तो मान वाटायचा.

आमच्या साहेबांनी मला डोंबिवलीतल्या एका मंडळात नेलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची क्वालिटीतली माणसं ते आपल्या सुट्टीच्या वेळात चालवायची. छोट्या वर्कशॉपमधल्या सुपरवायझरांसाठी रविवारी फुकट वर्ग असत. मी सभांचा वृत्तांत लिहायचे. तिसऱ्या वर्षी नवा अध्यक्ष कोण, असं विचारल्यावर सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मी नाव लिहून घ्यायला मान वर केली, आणि माझंच नाव लिहावं लागलं.

पहिल्याच महिन्यात गडबड झाली. वर्ग नऊला होता. मी पावणेनऊला पोचले, तर मंडळाच्या हॉलला कुलूप. किल्ली असायची कोपरीत राहणाऱ्या एका सरांकडे. एका मोठ्या कारखान्याचे क्वालिटी प्रमुख म्हणून ते रिटायर झालेले. फोन लागेना. सुपरवायझर मंडळी तासभर उन्हात उभी होती, त्यातला एक तर रात्रपाळी करून थेट आलेला. सर आले दहाला, शांतपणे, हातात खडूचा डबा घेऊन.

त्या संध्याकाळी मी सरांच्या नावाने रीतसर एनसी काढली. घटना: किल्लीधारकाचा निष्काळजीपणा. आणि मेल सगळ्या कमिटीला पाठवला.

घरी हे ऐकून आई म्हणाली, "त्यांना पगार तू देतेस का गं?"

तीन दिवस काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी कमिटीच्या ग्रुपवर सरांनी हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो टाकला. अक्षर सुरेख.

हॉल बंद का? किल्लीधारक दहाला आला. दहाला का? वर्ग दहाला आहे असं त्याला वाटत होतं. असं का वाटत होतं? वेळ दोन दिवस आधी ग्रुपवर बदलली, ते त्याने वाचलं नाही. का वाचलं नाही? पत्नीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या धावपळीत होता. मग त्याला फोन करून कोणी का सांगितलं नाही? याचं उत्तर माझ्यापाशी नाही. अध्यक्षांना विचारावे.

मी तो कागद दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर थेट कोपरीला गेले. काकू काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत होत्या. सरांनी मला बसायला सांगितलं.

"चुकलं माझं, सर."

"फॉर्म छान केलायस," ते म्हणाले. "फक्त घटनेच्या रकान्यात तू निष्काळजीपणा लिहिलंस. तो निष्कर्ष झाला. घटना एवढीच, की नऊला कुलूप होतं. माझ्या हाताखालच्या माणसाने असं लिहिलं असतं तर मी कागद परत पाठवला असता."

मी मान हलवली.

"तेही चाललं असतं. पण सगळ्यांना पाठवायचं काय कारण होतं? ते मात्र लागलं मला."

काकूंनी रेडिओ बंद केला. "अहो, तुम्हीपण काही कमी नाही. उत्तर पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेलं यांनी. तुला जरा घोर लागू दे म्हणून दाबून ठेवलं."

सर खिडकीबाहेर बघत हसले आणि चहा टाकायला उठले.

तिथे बसूनच मी कमिटीला दुसरा मेल लिहिला. एनसी मागे घेतली, आणि वेळ बदलली तर ज्याच्याकडे काम आहे त्याला फोन मी करायचा, हेही लिहून टाकलं. पुढच्या महिन्यात सरांनी 'घटना कशी लिहावी' यावर एक वर्ग घेतला. मी मागच्या बाकावर बसले. माझा सराव त्यांनी लाल पेनाने खुणा करून दोनदा परत केला.

कारखान्यातही फरक पडला. ड्रिलिंगला भोकं सरकायला लागली, तेव्हा कागद काढायच्या आधी मी मशीनवर गेले आणि ऑपरेटरला विचारलं, काय होतंय. तो म्हणाला, "मॅडम, क्लॅम्प झिजलाय, तुकडा घट्ट धरत नाही. महिनाभर सांगतोय मी." क्लॅम्प बदलला. त्याने मला लेथकडचीही दोन दुखणी दाखवली.

अध्यक्षपद दोन वर्षांनी सोडलं. कंपनीने पुरवठादारांचं काम माझ्याकडे दिलं, त्या मुलाखतीत साहेबांनी ड्रिलिंगचंच विचारलं. आता मी कल्याण-अंबरनाथच्या वर्कशॉपमधून फिरते. मालक आधी थंड मागवतात आणि एनसी कधी निघते म्हणून माझ्या बॅगेकडे बघत राहतात. मी म्हणते, थंड नंतर, आधी मशीन दाखवा आणि चालवणाऱ्याला बोलवा.