ओव्याच्या धुरातला गारवा
कुणाच्या घरातून ओव्याची धुरी आली की अंबडजवळच्या गावातली आमची खोली डोळ्यांपुढे तरंगते. माझं दुसरं बाळंतपण सासरी झालं. दिवस असतानाच अवघड जागी नसा फुगल्या होत्या, त्या बाळ झाल्यावरही उतरल्या नव्हत्या. त्यात बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची रीत. शेक लागला की नसा ठणकायच्या, पण सांगायचं कुणाला? एका दुपारी लुगडं बदलताना सासूबाईंना ते दिसलं. त्यांनी शेगडी उचलून उंबऱ्यापाशी नेली, तिच्यावर मूठभर ओवा टाकला, बाजेच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या आणि रांजणाच्या पाण्यात भिजवलेली फडक्याची घडी माझ्या हातात दिली. "धूर दिसला म्हंजे बाहेरच्या बायांना वाटतं, शेक चालू हाय. तू निवांत पड. मला बी असंच झाल्तं, मला कोणी इचारलं न्हाई." निळसर धुराच्या पडद्याआड मी पाय उंच करून पडले. बाळ लुचत होतं, अंगातला जडपणा हळूहळू ओसरत होता. बाहेरून शेजारीण म्हणाली, "सुनेला चांगलं शेकून राह्यल्या बरं!" सासूबाई नुसत्या "हं" म्हणाल्या. पन्नास वर्षं होत आली. ओव्याचा धूर आला की मला अजून गार वाटतं.