आडवा केलेला बंब

आमच्या घरचा तांब्याचा बंब न्हाणीतून नाहीसा झाला, तेव्हा पहिला संशय माझ्यावर आला. त्यात नवल नाही. त्याच आठवड्यात माझा भाऊ एकोडीहून बैलबंडी घेऊन आला होता आणि जाताना धानाच्या तणसाखाली काहीतरी झाकून घेऊन गेला होता. ते होते दोन कोहळे. पण सासूबाईंनी कोहळे पाहिले नाहीत, फक्त तणस पाहिलं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा हिवाळा होता, म्हणजे बंबाची गरज रोजची. शहापूरच्या त्या घरात सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्या एका बंबात तापायचं. मधल्या नळीत कोळसे, भोवती पाणी, खाली तोटी. सासूबाई मला देवापुढं घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, बोल आता. मी दिव्यावर हात धरून बोलले, "त्या बंबाले माझा वाईट हात नाही लागला, आत्याबाई."

बोलताना जीभ जरा अडखळली. ती का अडखळली ते पुढं सांगते. सासूबाईंचे कान तिखट, त्यांनी ते अडखळणं बरोबर धरलं. तेव्हापासून मी माहेरी निघाले की पिशवी उघडून दाखवायची, हे न बोलता ठरून गेलं.

चार दिवसांनी आमच्या यांनी जेवताना सांगितलं की बंब मीच भंडाऱ्याला दुरुस्तीला दिला. ताटाकडे पाहूनच सांगितलं. आता मला सांगा, न गळणाऱ्या बंबाची कसली दुरुस्ती? आणि बायकोला चार दिवस चोर म्हणून घेतल्यावर माणसाला हे आठवतं होय?  त्या दिवसापासून मी यांच्यावर नजर ठेवायला लागले.

हे धानाच्या मिलमध्ये बॉयलरवर होते. कोंडा जाळायचा, वाफ सांभाळायची, हेच काम. सुटी झाली की सरळ घरी येणारा माणूस. पण त्या हिवाळ्यात यांनी गुरांच्या कोठ्याचा एक कोपरा बांबूच्या तट्ट्यांनी अडवून घेतला, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. संध्याकाळभर आतून ठोकाठोकी. एक दिवस धानावर औषध फवारायचा पितळी पंप शोधला, तर त्याची नुसती दांडी सापडली. विचारलं तर म्हणाले, "असन कुठीतरी."

शेजारच्या काकूंनी तर पक्कंच करून टाकलं. कुंपणावरून हळूच मला म्हणाल्या, "तांब्याचं भांडं गेलं, नळी गेली, कोपऱ्यात जाळ करून राहिले तुया घरचे. अवं, मोहाची काढून राहिला तो, आनखी काय रायते?"

आमच्याकडे तांब्याचं भांडं आणि नळी म्हटली की माणसाच्या डोक्यात दारूशिवाय दुसरं काही येतच नाही. दोन दिवसांनी पोलीस पाटील पाणी प्यायच्या निमित्तानं आले आणि कोठ्याकडे तोंड करून बसले. पाणी थोडं प्यायले, वास जास्त घेतला. मीसुद्धा तेच करत होते म्हणा. हे झोपले की मी वाकून यांच्या तोंडाचा वास घ्यायची. बिडीशिवाय काही यायचं नाही, आणि त्यानं माझा जीव आणखीच टांगणीला लागायचा.

शेवटी एका दुपारी हे मिलमध्ये असताना मी गुरांच्या बाजूनं तट्टी उचलली आणि आत शिरले.

आत आमचा बंब आडवा पडला होता. चार चाकांवर. एका तोंडाला उभं लांब धुराडं, बाजूला फवारणीच्या पंपाचा पितळी नळा उभा बसवलेला, त्यातून निघालेल्या दांड्या चाकांना जोडलेल्या. भिंतीला शाळेतल्या गुरुजींकडून आणलेलं पुस्तक उघडं टांगलं होतं. त्यात विलायतेतल्या अगदी पहिल्या दिवसांच्या आगगाडीच्या इंजिनाचं चित्र. आमच्या कोठ्यातलं इंजिन हुबेहूब तसं, फक्त बकरीएवढं. मला आधी हसू आलं. माणूस दारू नाही, आगगाडी करतोय. तेवढ्यात हे भाकरीसाठी म्हणून घरी आले आणि मला आत पाहून दारातच थांबले. रागावतील असं वाटलं, पण लाजले.

म्हणाले, "पाह्यलंच तुनं तं आयक. सव्वीस जानेवारीले शाळेच्या मैदानात चालवतो. रूळ तयार हायेत. पोरं दोन्ही बाजूनं बसतीन, अन् मधातून खऱ्या वाफेवर हे जाईन."

मग यांना कोण थांबवतं. नुसतं जुन्या चित्रासारखं दिसून भागत नाही, चाललं पाहिजे, हे यांनी मला तीनदा सांगितलं. पाण्याचा दाब देऊन पाहिला, एक थेंब गळला नाही, म्हणाले. मी ऐकत होते आणि बंबाची तोटी शोधत होते. तोटी खाली, जमिनीकडे होती. पाणी काढून टाकायला सोपं जावं म्हणून यांनी तसा बसवला होता. ते पाहून मी गुरांच्या गव्हाणीवर बसले.

आता ते अडखळणं सांगते. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. सासूबाई अड्याळला लग्नाला गेल्या होत्या, आणि मी पाणी न भरताच बंब पेटवला. बुडाचा सांधा उकलला. तोटीच्या बरोबर समोरच्या बाजूला, भिंतीकडे. मी रडत बसले होते तेवढ्यात रस्त्यानं कल्हईवाला निघाला. त्यानं कथील ओतून सांधा बुजवला, मी वर चिंच आणि राख घासली. जाताना तो म्हणाला होता, "पानी रहेगा तब तक टिकेगा, बहू. सूखा मत जलाना." सासूबाई आल्या, बंब चकचकीत पाहून खूश झाल्या. ती जागा भिंतीकडे, म्हणून कोणाला कधी कळली नाही. आणि ती कायम पाण्याखाली राहिली, म्हणून टिकली.

बंब आडवा झाल्यावर ती जागा वर आली होती. वर पाणी नाही, नुसती वाफ, आणि बाजूलाच जाळाची नळी. थंड पाण्याच्या दाबाला कथील गळत नाही, जाळाला वितळतं. आणि दोन्ही बाजूला पोरं बसणार होती. सगळ्यांत जवळ बसणार होते हे स्वतः.

तरी मी लगेच बोलले नाही. खोटं कशाला सांगू? बोलले असते तर दिव्यावर धरलेला हात खोटा ठरला असता, आणि मग कोहळ्यांवर तरी कोणी विश्वास ठेवला असता? मी दुसरे उपाय करून पाहिले. म्हटलं, अमावस्या जवळ आहे, पुढं ढकला. म्हटलं, आधी शेतात नेऊन एकटेच चालवून पाहा. यांनी माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. दोन दिवसांनी मी काड्यांची पेटी लपवली, तर ती यांना पिठाच्या डब्यात सापडली.

सव्वीस तारखेच्या आदल्या दिवशी सासूबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या आणि हे कोठ्यातून इंजिन बाहेर काढायच्या तयारीत होते. मी दोघांच्या मधे उभी राहून सगळं सांगितलं. कोरडा पेटवला तिथपासून कल्हईवाल्यापर्यंत.

यांना पटलं नाही. म्हणाले, "माह्या मायनं शिकवलं का तुले? बंब वापस पायजे म्हून सांगून राहिली?"

"बंब?" सासूबाई उठल्या. त्यांना तर तो भंडाऱ्याला आहे एवढंच माहीत होतं.

मी म्हटलं, "तोटीच्या समोरची जागा खिळ्यानं कोरून पाहा जी. मग काय म्हनाचं ते म्हना."

आम्ही तिघं कोठ्यात गेलो. यांनी खिळा घेतला, काळपट साय खरवडली. खाली पांढरं निघालं. खिळा जरा दाबला तर मेणात जावा तसा रुतला. बॉयलरवरचा माणूस, जास्त सांगावं लागलं नाही. यांनी खिळा खाली ठेवला आणि त्या जागेवरून बोट फिरवलं.

सासूबाईंनी चाकं लावलेला आपला बंब पाहिला, मग मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोघंबी चोर," म्हणाल्या. "जोडा बरा जमला."

दुसऱ्या दिवशी मैदानात इंजिन थंडच गेलं. रुळांवरून दोरीनं ओढून दाखवलं. लोक हसले. पोलीस पाटलांनी विचारलं, वाफेची गाडी दोरीवर कशी चालते? हे दोरी ओढत राहिले. खरं कारण एका शब्दात सांगता आलं असतं, पण ते माझं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मीही गर्दीत उभी होते. असं ओशाळलेलं तोंड मी यांचं आधी पाहिलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या तांबटाकडून यांनी सगळा सांधा काढून जाळाला न वितळणारा पितळेचा डाग देऊन घेतला. होळीच्या सुमारास परसात रूळ मांडले. पाणी भरलं, कोळसे घातले, आणि काडी ओढण्याआधी मला विचारलं, "आनखी काही रायलं का सांगाचं?"

"नाही जी," मी म्हटलं. "तुमचं?"

यांनी कोळसे परत काढले, पुन्हा एकदा पाण्याचा दाब देऊन पाहिला, बोटानं सगळे सांधे चाचपले आणि मला आणि सासूबाईंना भिंतीमागं जायला सांगितलं. माझ्या 'नाही'वर यांनी काडी ओढली नाही. मला वाईट वाटलं, पण यांच्या जागी मी असते तर मीही ओढली नसती.

इंजिन चाललं. आधी चाकं जागच्या जागी फिरली, मग फुसफुसत निघालं आणि रुळांच्या टोकाला जाऊन थांबलं. हे त्याच्या बाजूनं चालत गेले, पोराला पहिल्यांदा चालवतात तसे वाकून. मला तर रडूच आलं. सासूबाईंनी भिंतीवरून डोकं काढलं आणि विचारलं, आता आंघोळीचं पाणी कशात तापवायचं? हे म्हणाले, नवा बंब आणतो भंडाऱ्याहून, उद्याच.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "तू संग जाजो," म्हणाल्या. "कुठून आनते ते पाह्यजो."

मी गेले. दुकानात मी बंब उलटा करून घेतला, बुडाचा सांधा गोल फिरून नखानं तपासला. हे माझ्या मागं उभे राहून माझ्या हातांकडे पाहत होते.